कॉल कट करायचा नाही

बाबा, आज मी साहेबाच्या टेबलावर एक रिकामी पिशवी आपटून आले. खाकी कापडाची, नाडी ओवलेली पिशवी. छतावर चढण्याआधी आमचे मोबाईल तिच्यात टाकायचे आणि पिशवी खाली गाडीला लटकवून ठेवायची, असा नवीन हुकूम निघाला होता. आता पिशवी साहेबाकडे आहे, मोबाईल माझ्या हातात आहे, आणि हे सगळं मी त्याच्यावरच लिहिते आहे. तुमच्या वेळी वडनेरमध्ये फोन म्हणजे किराणा दुकानातला तो काळा डबा. त्याच्यापुढे उभं राहून जो तो असा ओरडायचा की नागपूरपर्यंत आवाज त्यालाच पोचवायचा आहे. आता फोन खिशात मावतो, त्याला वायर नाही, आणि शेतातल्या माणसापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांकडे तो असतो. एवढं तुम्हाला आधी सांगून ठेवते, कारण भांडण त्याच्यावरूनच झालं.

तुमची मुलगी सोलर बसवते, बाबा. लोकांच्या छतावर काळ्याशार काचेचे पॅनल लावायचे, उन्हाची वीज करायची आणि ती घराच्या लाइनला जोडायची. कधी शेतातले पंपही असतात. वर्धेच्या एका ठेकेदाराकडे मी कामाला आहे, साहेब म्हणजे तोच. आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हा आई किती दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. काय म्हणणार ती? ज्या विजेने घरातला माणूस नेला, तिच्याच दारात पोरगी निघाली होती. मी तिला समजवायच्या भानगडीत पडले नाही. माझ्यासोबत एक वायरमन असतो, माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई म्हणतो. आमची टोळी म्हणजे आम्ही दोघंच.

मोबाईल साइटवर कामाचा आहे की नाही, असं साहेबाने मीटिंग घेऊन आम्हाला विचारलं होतं. विचारलं म्हणजे काय, उत्तर ठरवूनच आला होता. त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात छतावर हा फोन तापतो आणि ऐन वेळी डोळे मिटतो. उन्हात त्याच्या काचेत आकड्यांऐवजी आपलंच घामेजलेलं तोंड दिसतं. त्याच्यातलं होकायंत्र लोखंडी सांगाड्यावर ठेवलं तर दक्षिण कुठेही दाखवतं. एका टोळीने त्या नादात अख्खी ओळ तिरपी लावली आणि मग दिवसभर नटबोल्ट सोडत बसली. वडनेरकडच्या शेतात तर रेंजच नसते, धुऱ्याच्या बांधावर चढून हात वर करून उभं राहावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण इन्व्हर्टरवर न पाहिलेला लाल दिवा लागला की मी त्याचा व्हिडिओ काढून कंपनीच्या इंजिनिअरला पाठवते आणि चहा होईपर्यंत उत्तर येतं, हेही खरंच आहे. आधी त्याच्यासाठी माणूस येईपर्यंत लोक अंधारात बसायचे आणि शिव्या आम्हाला घालायचे. पण माझं भांडण याच्यासाठीही नव्हतं. माझं भांडण तुमच्या दुपट्ट्यासाठी होतं.

तुम्हाला आठवतं ना, बाबा? लाइनवर काम निघालं की तुम्ही आधी विहाराजवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर जायचे, फ्यूज पाडायचे आणि गळ्यातला दुपट्टा काढून डीपीच्या खांबाला बांधायचे. मग सायकल घेऊन, जिथे तार तुटली असेल तिथे. दुपट्टा दिसतोय तोवर त्या डीपीला कोणी हात लावायचा नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी एकदा विचारलं होतं, पाटी काऊन नाही लावत? तुम्ही हसलात. "पाटी कोन वाचते वं? दुपट्टा दिसला का मानूस खांबावर हाय, हे लहान लेकरालेही समजते." तो दुपट्टा म्हणजे नुसती चिंधी होती. ग्रीसचे डाग, मधोमध जळालेलं भोक. आई म्हणायची, याने चूलसुद्धा पुसणार नाही मी. आणि तरीही तिने तो त्या दिवशी धुवायला घेतला होता. अंगणात दोरीवर ओला लटकत होता, तेवढ्यात तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही खुंटीवरचा नवा दुपट्टा गळ्यात टाकला आणि गेलात. तो तुम्हाला लग्नात आहेर आला होता, गावातल्या एका बुढ्याच्या मुलीच्या लग्नात.

मी चुलीजवळ बसून हरभऱ्याची भाजी निवडते आहे. आई भाकरी थापते आहे. दारात तोच बुढा उभा आहे, हातावर नीट घडी घातलेला दुपट्टा. "बाई, लाइनमन भाऊ दुपट्टा इसरले वाटते डीपीवर. माह्याच घरचा आहेर हाय, पायल्याबरोबर वळखला. नवा हाय, कोनी नेला असता म्हनून घेऊन आलो." किती प्रेमाने आणला होता त्याने. आईच्या हातात थापलेली भाकरी तशीच राहिली. तिने एकच विचारलं, "अन् ते कुठी हायेत?" तो म्हणाला, "ते त नाई दिसले बा." आई उठली आणि पिठाच्या हातांनीच पळत सुटली. मी तिथेच बसले. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला, बुढा घाबरून "काय झालं, काय झालं" करत राहिला. मला कळलं होतं काय झालं, पण तुमच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे काहीच नव्हतं. किराणा दुकानातल्या फोनवरून खांबावर फोन लागत नसतो.

पाणी द्यायची वेळ झाली होती, वीज जाऊन येऊन असायची, कोणीतरी डीपीवर आलं, दुपट्टा दिसला नाही, आणि बांबूने फ्यूज चढवला. ज्याने चढवला त्याच्यावर मी चिडू शकले नाही, त्याने पाहूनच चढवला होता. बुढ्यावर चिडू शकले नाही. तो पुढे जगला तेवढं आपल्या दारावरून जाताना खाली मान घालून गेला. आईवर तर चिडायचं कसं? ती चिंधी तिने धुतली नसती तर बुढ्याने तिला हातही लावला नसता, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघींनी ते तोंडातून काढलं नाही. इतकी वर्षं हा राग मी बिनपत्त्याचा घेऊन फिरले. या आठवड्यात त्याला पत्ता मिळाला.

कारण आमच्या टोळीचा एक नियम आहे, बाबा. वायरीत हात घालायच्या आधी मी खाली मेन स्विचजवळ उभी राहते, मेन बंद करते आणि भाऊला फोन लावते. तो फोन उचलतो, स्पीकर चालू करतो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. मीही तसंच करते. मग त्याचे हात मोकळे, माझे हात मोकळे, आणि कॉल चालू. वरचं काम संपून तो "झालं ताई, चालू कर" म्हणेपर्यंत कॉल कट करायचा नाही. पाहुणा आला, बायकोचा फोन आला, आभाळ कोसळलं तरी नाही. मी स्विच सोडून हलायचं नाही. याला पैसे लागत नाहीत, शिकवणी लागत नाही. मेनला लावायला कुलपं द्या म्हणून मी ठेकेदाराकडे कितीदा बोलले. कुलूप आलं नाही, ॲप आलं. त्या ॲपमध्ये घरमालकाचा हसरा फोटो टाकायचा, पॅनलचा टाकायचा, पॅनलसोबत आमचा टाकायचा. जीव वाचवायची सोय मात्र आम्हीच आमच्या खिशातल्या फोनने करून घेतली होती.

मग दुसऱ्या टोळीतला एक माणूस छतावरून पडला. पाय मोडला, जीव वाचला. साहेबाने जाहीर केलं, मोबाईलमुळे पडला. अहो, मोबाईलमुळे म्हणजे कशामुळे? तो काय छतावर रील पाहत होता? ॲपला सगळे पॅनल एका फोटोत पाहिजे असतात. एक कोपरा सुटला तर फोटो नापास, परत पाठवतात. तो बिचारा सगळे पॅनल मावावेत म्हणून मागे मागे सरकत गेला आणि कठडा नव्हता. फोटो मागणारे तुम्ही, कठडा नाही तिथे दोर बांधायला न देणारे तुम्ही, आणि गुन्हेगार कोण, तर खिशातला डबा. लगेच पिशव्या वाटल्या. फोटो सुपरवायझर शेवटी येऊन काढेल, बाकी कोणी मोबाईल वर न्यायचा नाही. मी मीटिंगमध्येच हात वर केला आणि आमचा नियम सांगितला. साहेब म्हणाला, "आवाज द्या ना मॅडम एकमेकांना. पूर्वी काय मोबाईल होते का?" सगळे हसले. पूर्वी काय होतं ते मला विचारा, असं जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

नालवाडीला एका घरी काम होतं, वर दोन मजले चढून गच्ची. पिशवी गाडीला लटकवली, सुपरवायझरने तिच्यातले मोबाईल मोजले आणि तो दुसऱ्या साइटवर निघून गेला. मी मेन बंद केली आणि तिथे उभी राहिले. शेजारच्या घरी ग्राइंडर लावून लोखंडी गेट कापणं चाललेलं. "झालं का?" म्हणून ओरडले, काही ऐकू येईना. पुन्हा ओरडले, घसा फाटला. बराच वेळ गेला. वर भाऊला काही झालं तर नाही? वर जाऊन पाहायचं तर स्विच सोडावा लागणार. आणि बाबा, माझा हात आपोआप तोंडाला उन्हासाठी बांधलेल्या दुपट्ट्याकडे गेला. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते मी केलं. दुपट्टा सोडला, मेनच्या पेटीला गाठ मारून बांधला, आणि जिना चढले.

भाऊ ठीक होता. इन्व्हर्टरसमोर बसून खालून आलेल्या वायरीची टोकं सोलत होता, बोटं उघड्या तांब्यावर. "होऊनच राह्यलं, ताई," म्हणाला. मी सुस्कारा सोडला आणि मागे जिन्यात पावलं वाजली. घरातली आजी, धापा टाकत, गुडघ्यावर हात टेकत वर येत होती. दुसऱ्या हातात माझा दुपट्टा, चौकोनी घडी घातलेला. "माय, तुया दुपट्टा खाली राह्यला होता पेटीवर. चांगला हाय, कोनी नेईन म्हनून आनला."

मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. भाऊ नंतर म्हणाला की मी आधी किंचाळले आणि मग त्याला लाथ मारली. मला फक्त एवढं आठवतं की तो पॅनलच्या रिकाम्या खोक्यांवर जाऊन उताणा पडला आणि वायरीची टोकं हवेत लोंबत राहिली. "पागल झाली का ताई? काऊन ढकललं मले?" मी खिशातला टेस्टर काढून वायरीला लावला. दिवा पेटला. भाऊने तो दिवा पाहिला आणि उठून बसायचंसुद्धा विसरला. मी जिन्यात वाकून विचारलं, मेन कोणी चालू केली? खालून सून वर आली, कडेवर लेकरू. "मी केली ताई. लेकरू गरमीनं रडून राह्यलं होतं, कूलर लागेना. मेन बंद दिसली त चालू केली. मले काय मालूम!" तिला काय मालूम असणार? आजीला तरी काय मालूम? पेटीवर काही बांधलेलं असतं तर सुनेने विचारलं असतं. आजी माझ्याकडे पाहत होती, दुपट्टा पुढे केलेला तसाच, आणि मी तो घेत नव्हते. शेवटी भाऊने घेतला. तिला म्हणाला, "आजी, तुमची काई गलती नाई." मी खाली गेले, गाडीवरच्या पिशवीतून दोन्ही फोन काढले, एक त्याच्या खिशात कोंबला. मेन बंद केली, त्याला फोन लावला आणि उरलेलं काम आमच्या पद्धतीने पूर्ण केलं.

आज त्याचा जाब द्यायला ऑफिसात बोलावलं होतं. सुपरवायझरने चुगली केली होती, पिशवी रिकामी सापडली म्हणून. काय झालं ते मी सगळं सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं, पेन फिरवत. म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्विच सोडून वर गेलात. चूक तुमचीच ना मग?" माझ्या डोक्यात अशी सणक गेली. मी म्हटलं, साहेब, स्विच मी फोन पिशवीत होता म्हणून सोडला. कुलूप द्या, नाहीतर फोन राहू द्या, तिसरं काही असेल तर ते सांगा, पण कुठलंच काही न देता माणूस वर पाठवू नका. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार भावनिक होताय. वॉकीटॉकी मागवायचा विचार आहे पुढे." पुढे! भाऊच्या मुलींना जाऊन सांगा, पुढे. मग तो हसून म्हणाला, "आणि एवढा वेळ त्या कॉलवर बोलता तरी काय तुम्ही?" मी ताठ उभी राहून सांगितलं, कामाच्या सूचना असतात, साहेब. "ठीक आहे," तो म्हणाला, "उद्यापासून पिशवी नेणार असाल तर या, नाहीतर घरीच बसा." तेव्हा मी पिशवी आपटली. टेबलावरचा चहा सांडला त्याच्या कागदांवर. सांडू दे.

तुमचं नाव मी त्या खोलीत काढलं नाही, बाबा. काढलं असतं तर कदाचित त्याने ऐकलंही असतं, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं असतं. पण तुम्हाला मी त्या टेबलावर मांडणार नव्हते. त्याला समजायला एक माणूस आधी मेलेला का लागावा? बाहेर भाऊ गाडीला टेकून उभा होता. माझं तोंड पाहूनच तो समजला. म्हणाला, "उद्या कसं, ताई?" मी म्हटलं, "उद्या पुलगावचं काम हाय ना? तं जाऊ. काढलं तं काढलं. मोबाईल चार्ज करून येजो."

लिहून झालं तर हा फोन विचारतोय, कोणाला पाठवायचं. वरची जागा कोरी आहे. तुमचा कधी नंबरच नव्हता, त्यामुळे हे माझ्याकडेच राहील. आईला दाखवणार नाही. काम जाईल की राहील ते उद्या दुपारपर्यंत कळेल, आणि गेलं तर आईला काय सांगायचं तेही तेव्हाच बघू.

पण एक गोष्ट मी साहेबाला खोटी सांगितली, ती तुम्हाला खरी सांगते. त्या कॉलवर आम्ही काहीच बोलत नाही. कामाच्या सूचना वगैरे काही नसतात, भाऊला त्याचं काम येतं. वर त्याचा पाना वाजतो, तो खोकतो, बेसूर काहीतरी गुणगुणतो, मध्येच नुसता श्वास ऐकू येतो. मी खाली स्विचवर हात ठेवून तेवढंच ऐकत उभी असते. आणि कधी तो जरा जास्त वेळ गप्प राहिला, की मला जळालेल्या भाकरीचा वास यायला लागतो.